हा वाटा कुणाचा?

चारकोपच्या मार्केटातला भाजीवाला आग्नेस टीचरना लांबून येताना बघितलं की कपाळाला हात लावायचा. टोमॅटो पाऊण किलो हवे असले तरी त्या ‘पाऊण किलो’ म्हणायच्या नाहीत. “एक पाव दे,” म्हणायच्या. त्याने ते तोलून पिशवीत टाकले की, “आणखी एक पाव.” मग, “आणखी एक.” तिसऱ्यांदा काटा स्थिर झाला की समाधानाने मान हलवायच्या. “झाले तीन पाव.”

“टीचर, सीधा पौना किलो बोलो ना,” तो म्हणायचा. “मेरा भी टाइम जाता है.”

“मुलं बघतायत,” त्या म्हणायच्या.

मी मागे वळून बघायचे, तर खरंच आमच्या शाळेतलं एखादं पोर आईच्या ओढणीला धरून उभं असायचं. नसलं तरी टीचरनी पाऊण म्हटलं नसतं, हा भाग वेगळा. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाऊण हा शब्द पोरांना तयार मिळतो, घड्याळात मिळतो, दुकानात मिळतो, आणि त्याच्या पोटात तीन पाव आहेत हे कुणी त्यांना दाखवत नाही. “आधी एकाला ओळख, मग तीन मोज,” हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कधीकधी माझ्याच तोंडून निघतं आणि मी दचकते.

त्या आमच्या मराठी शाळेत पाचवीला होत्या आणि मी शेजारच्या वर्गात चौथीला. शाळेत आम्ही सगळ्या बाई किंवा मॅडम, त्या एकट्याच टीचर. गोराई गावातून रोज खाडी ओलांडून यायच्या. सकाळी लाँचने अलीकडे, तिथून बस. पायात रबरी चपला, पिशवीत वेगळ्या सँडल. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून त्या चपला बदलायच्या आणि चपला बदलल्या की भाषाही बदलायची. वर्गात पुस्तकातली मराठी. राग आला की मात्र ‘हाय’ आणि ‘नाय’ बाहेर पडायचं आणि पोरं एकदम गप्प व्हायची. पर्समध्ये पैसे कमी आणि जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याची गुंडाळी कायम.

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पाचवीत इतकी शांतता होती की मला वाटलं, वर्ग रिकामा आहे. दारातून डोकावले तर पुढे चार मुलं जमिनीवर बसलेली. मध्ये वर्तमानपत्रावर तांदळाची भाकरी, पाच तुकडे केलेली. एक मुलगी आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी. टीचर तुकड्यावर बोट ठेवून विचारत होत्या, “हा कुणाचा?”

“नैतिकचा,” मुलगी भिंतीला म्हणाली.

“हा?”

“रेहानचा.”

असे चार झाले. पाचवा तुकडा उरला. टीचरनी माझ्याकडे बघितलंही नाही. “हा दारात उभी हाय तिचा,” म्हणाल्या आणि तो तुकडा माझ्या हातात आला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार? वर्गातली पस्तीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

नैतिकला आलेला तुकडा लहान होता. तो रडकुंडीला आला. मला वाटलं, टीचर त्याला समजावतील. त्या म्हणाल्या, “वाटे कुणी केले?” एका मुलीने घाबरत हात वर केला. “हे वाटे नाहीत,” टीचर म्हणाल्या. “हे तुकडे आहेत. कुणाला कुठला येईल ते माहीत नसताना कुठलाही आला तरी चालेल असं सगळ्यांना वाटलं, तर ते वाटे. उद्या परत.”

मधल्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं की ही त्यांच्या बापाच्या होडीची पद्धत. मासळी घेऊन होडी किनाऱ्याला लागली की वाळूत ढीग पडायचे, जेवढी माणसं तेवढे. मग एक पोर समुद्राकडे तोंड करून उभं करायचं. ढिगावर हात ठेवून विचारायचं, हा कुणाचा? त्या पोराने न बघता नाव घ्यायचं. त्यामुळे ढीग करणाऱ्याला लबाडी करून फायदा नाही. आणि वाटे पडताना जो कुणी तिथे येऊन उभा राहील त्यालाही एक वाटा, मग तो समुद्रात गेलेला असो नसो. “त्याला वगळला तर तो वाटा नासतो, असं माझा बाप म्हणायचा,” टीचर म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

अपूर्णांक हा विषय मी स्वतः पाच मिनिटांत शिकवायचे. वरचा अंश, खालचा छेद, लिहा पाच वेळा. टीचर त्यासाठी आठवडेच्या आठवडे घ्यायच्या. एक छेद दोन, एक छेद तीन, एक छेद चार, असं बारापर्यंत, आणि वर कायम एकच. दोऱ्याची घडी घालायची, कागदाची घडी घालायची, भाकरी कापायची. तिसरा हिस्सा तर इतका अवघड की त्यावर चार दिवस जायचे. सगळी मुलं वर्तुळात दोन उभ्या रेघा मारून मोकळी होतात आणि मधला भाग ढेरपोट्या राहतो. टीचर तो पुसायच्या नाहीत. चुकीच्या उत्तराभोवती खडूने गोल करायच्या आणि म्हणायच्या, “राहू दे. उद्या याला विचारू.” दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्यावर पहिलं काम त्या गोलाचं.

सानिका नावाची एक मुलगी होती, चारकोपच्याच एका चाळवजा बैठ्या घरातली. टीचरनी तिला विचारलं, “एक भाकरी चार जणांत वाटली आणि एक आठ जणांत वाटली. जास्त कुठे मिळेल?”

“आठ जणांत,” सानिका म्हणाली.

वर्ग हसला. टीचरनी हात वर करून वर्ग गप्प केला. “का गं?”

“आमच्याकडे गावावरून पाव्हणे आले ना, की आम्ही आठ जण होतो. तेव्हा आई खूप भाकऱ्या करते. चार असलो की मोजून करते.”

टीचरनी वर केलेला हात खाली घेतला. मी दारातच होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्या खुर्चीवर बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच. “ही पोरगी माझ्याहून शहाणी हाय,” म्हणाल्या. “मी तिला भाकरी एकच हाय ते पटवूनच दिलं नाय.” पुढचे तीन दिवस त्यांनी फक्त एकच प्रश्न शिकवला. पाव म्हटलं की मुलांनी विचारायचं, कशाचा? अर्धा म्हटलं की, कशाचा? पोरं डबा खाताना, मुतारीच्या रांगेत उभी असताना, एकमेकांना ‘कशाचा?’ विचारत सुटली. शिपाईमामा वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

शिपाईमामा ठीक होते. मोठ्या बाई वैतागल्या तेव्हा प्रकरण वाढलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वाईट बाई नव्हती ती, पण तिच्या डोक्यावर टांगती तलवार होती. आधीच मराठी शाळेत पोरं कमी. त्यात आदल्या वर्षी पाचवीचं गणित तपासणीत घसरलेलं. संस्थेच्या मीटिंगमध्ये तिला चार लोकांसमोर बोलणी खावी लागली होती. यंदा खात्याचे साहेब गुरुवारी येणार असं कळल्यावर ती तडक पाचवीत आली. मी तिच्या मागे उभी.

फळ्यावर एक छेद सात होता.

“टीचर, पुस्तकात हे मागच्या महिन्यात संपलं. तीन छेद चार कधी? बेरीज कधी?”

“सोमवारी तीनवर येते.”

“गुरुवारी तपासणी आहे!”

“सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस पुरे. एकाला ओळखतात आता. तीन मोजायला वेळ नाही लागत.”

“आणि नाही जमलं तर?”

टीचरनी खडू ठेवला. “नाही जमलं तर माझ्याकडून वर्ग काढून घ्या.”

मला वाटतं त्या चिडून बोलल्या. पण मोठ्या बाईंनी ते वाक्य झेललं. ऑफिसात मला बोलावून म्हणाल्या, “सावंत, गुरुवारी पाचवी घसरली तर पुढच्या सोमवारपासून वर्ग तुझ्याकडे. तुझी चौथी मी बघेन. टीचर लायब्ररीत बसतील. या मेमध्ये रिटायरच होतायत.” मी म्हटलं, “बाई, टीचरना वाईट वाटेल.” तोंडाने म्हटलं. मनात काय होतं तेही सांगून टाकते. पाचवीचा वर्ग म्हणजे मजल्यावरची सगळ्यात मोठी खोली, खिडकीतून वारा, आणि ‘सावंतने पाचवी सावरली’ असं सगळ्यांनी म्हणणं. मला ते हवं होतं. आणि टीचरना वाईट वाटू नये हेही हवं होतं. दोन्ही एकाच वेळी हवं असतं तेव्हा माणूस जे करतो ते मी केलं.

सोमवारी टीचर आल्याच नाहीत. त्यांची नव्वदीची आई ओटीवर पाय घसरून पडली होती. फोन आला, सोमवार-मंगळवार येत नाही, वर्गाला उजळणी द्या. मोठ्या बाईंनी दोन्ही वर्ग माझ्याकडे दिले. मी चौथीला चित्र काढायला बसवलं आणि पाचवीत गेले. मोठ्या बाई व्हरांड्यात भेटल्या. “बेरीज करून घे गं,” एवढंच म्हणाल्या.

मी करून घेतली. फळ्यावर लिहिलं, एक छेद चार अधिक दोन छेद चार. सानिकाने विचारलं, “कशाचे, मॅडम?” मी म्हटलं, “आत्ता ते सोड.” आणि मुलांना तालावर म्हणायला लावलं, “खाली तोच, वर बेरीज! खाली तोच, वर बेरीज!” पस्तीस पोरांना ते दहा मिनिटांत पाठ झालं. गणितं धडाधड सुटू लागली. मला तर वाटलं, टीचर उगाच घोळ घालतात. मंगळवारीही तेच. खाली वेगवेगळे आकडे असले तर काय, हे मी सांगितलंच नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. आणि जाताना मी एक गोष्ट केली. मुलांना म्हटलं, “हे वहीत लिहू नका. फक्त लक्षात ठेवा.”

वहीत लिहू नका, हे मी का म्हटलं ते मला तेव्हाच कळत होतं.

बुधवारी टीचर आल्या. डोळे सुजलेले. फाटकाशी चपला बदलताना मला म्हणाल्या, “दोन दिवस काय केलंस पोरांबरोबर?”

“उजळणी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि वर गेल्या. त्या एका दिवसात त्यांना तीन पाव करायचे होते. दिवसभर त्यांच्या वर्गातून दोऱ्यांचा, कात्रीचा आणि मोजण्याचा आवाज येत होता. “एक पाव. दोन पाव. तीन पाव.” मधेच एखादं पोर ‘खाली तोच’ म्हणून जायचं आणि मी भिंतीपलीकडे खडू हातात धरून थांबायचे. टीचर काय म्हणतात ते मला ऐकू यायचं नाही. शाळा सुटताना मी ठरवलं की आता जाऊन सांगायचं. दारापर्यंत गेले. त्या बेंचवर बसून उद्यासाठी हातभर लांबीचे पस्तीस दोरे कापत होत्या. एकेक दोरा पहिल्या दोऱ्याशी लावून बघत होत्या. मी परत फिरले.

गुरुवारी साहेब साडेदहाला आले. मोठ्या बाईंनी मलाही पाचवीत उभं केलं, मागच्या भिंतीशी. साहेब तसे सौम्य होते, घाईत होते इतकंच. त्यांना त्या दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या. पहिले प्रश्न सोपे गेले. पाढे झाले, उतरती भाजणी झाली. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं. मग साहेबांनी सानिकाला उभं केलं.

“एक छेद चार मोठा की एक छेद आठ?”

“कशाचा, सर?”

“कशाचा म्हणजे?”

“एकाच भाकरीचा, की दोन वेगळ्या भाकऱ्या?”

साहेबांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. “हे काय आहे?”

“तिला विचारू द्या, सर,” टीचर म्हणाल्या. “एकाच भाकरीचा, सानिका.”

“मग एक छेद चार मोठा,” सानिका म्हणाली.

“मग आधीच सांगायचं ना,” साहेब म्हणाले आणि फळ्याकडे वळले. त्यांनी लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद चार. “कोण सांगेल?”

नैतिकने हात वर केला, दोन्ही हात वर केले म्हणा ना. साहेबांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं. नैतिकने खडू घेतला आणि थबकला. मला कळत होतं तो का थबकला. खाली तोच, पण कुठला तोच? दोन की चार? त्याने मागे बघितलं. टीचरकडे नाही, माझ्याकडे. मग त्याने ठरवलं, वर बेरीज आहे तर खालीही बेरीजच असणार. त्याने लिहिलं, दोन छेद सहा. आणि सगळा वर्ग, कुणी न सांगता, माझ्याच तालावर सुरू झाला, “खाली तोच, वर बेरीज! खाली तोच...”

“बस,” साहेब म्हणाले.

टीचर माझ्याकडे बघत होत्या. फार नाही, दोन क्षण. ‘खाली तोच’ हे त्यांचे शब्द नव्हतेच, त्या कधी असल्या तालावर शिकवायच्या नाहीत. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. आता मी एक वाक्य बोलायचं होतं. सर, हे मी शिकवलं, एवढंच. मी साडीचा पदर खांद्यावर नीट केला.

“हे कुणी शिकवलं?” साहेबांनी विचारलं.

“वर्ग माझा हाय,” टीचर म्हणाल्या. “चूक माझी.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात सानिका उभी राहिली. “सर, मी करते.” तिने बेंचवरचा दोरा उचलला आणि घडी घालायला लागली. साहेब थांबले, हे खरं. अर्धं मिनिट थांबले असतील. सानिकाने दोऱ्याची एक घडी घातली, मग दुसरी. टोकं जुळेनात. तिने परत सोडला, परत घातली. टीचरनी एका शब्दाचीही मदत केली नाही, फक्त त्यांच्या हाताच्या मुठी आवळलेल्या मला मागून दिसत होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. “ठीक आहे, बाळ, बस,” म्हणाले आणि मोठ्या बाईंबरोबर सहावीकडे गेले. सानिका बसली नाही. तिने दोऱ्याचे चार भाग केले, दोन एका बोटात धरले, तिसरा दुसऱ्या बोटात.

“अर्धा म्हणजे दोन पाव,” ती म्हणाली. “त्यात एक पाव. तीन पाव, टीचर. तीन छेद चार.”

तिने मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

टीचर तिच्याजवळ गेल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग फळ्यापाशी जाऊन नैतिकच्या दोन छेद सहाभोवती खडूने गोल केला. “राहू दे,” म्हणाल्या. “उद्या याला विचारू.” नैतिक रडत होता. त्यालाही जवळ घेतलं.

शुक्रवारी मी त्यांच्या दारात गेले. खाली मान घालून, पण गेले. त्या गोल केलेल्या दोन छेद सहापाशी मुलं जमली होती. “आधी अर्धी भाकरी होती, तिच्यात आणखी घातली, आणि कमी झाली? कुठे गेली, कावळ्याने नेली?” टीचर विचारत होत्या आणि पोरं हसत होती. मग वाटे झाले. पुढे चार मुलं होती आणि मी दारात उभी होते. सानिका भाकरी कापत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग टीचरकडे.

“चारच कर,” टीचर म्हणाल्या.

चार झाले. चार नावं घेतली गेली. मी दारातून निघून आले. मला कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकं ते लागलं.

सोमवारी वर्ग माझ्याकडे आला. टीचर तळमजल्यावर लायब्ररीत बसू लागल्या. लायब्ररी म्हणजे तीन कपाटं आणि एक ट्यूबलाइट. दोन दिवस मी मोठ्या खोलीतल्या खिडकीचा वारा खाल्ला. तिसऱ्या दिवशी पाच भागांचा धडा आला आणि माझ्या लक्षात आलं, मला दोऱ्याचे पाच सारखे भाग करता येत नाहीत. माझ्या वयाच्या, डी.एड. झालेल्या बाईला! मधल्या सुट्टीत लायब्ररीत गेले आणि आधी ते वाक्य बोलले जे गुरुवारी बोलायचं होतं. “टीचर, ते मी शिकवलं होतं. मी खोटं बोलले.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. पुस्तकाला कव्हर घालत होत्या. “घाबरलीस. घाबरलेल्या माणसाकडून सारखे वाटे पडत नाय.”

“मोठ्या बाईंना जाऊन सांगू?”

“आता सांगून तुझं मन हलकं होईल. पोरांना काय?” त्यांनी कव्हर दाबून बसवलं. “तू कशाला आलीस ते बोल.”

मी दोरा पुढे केला. त्यांनी मला पाच करायला लावले. त्या दिवशी जमले नाहीत. पुढच्या दिवशीही नाहीत. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊ लागले आणि त्या मला पाचवीतल्या पोराला शिकवतात तसं शिकवू लागल्या. मदत शून्य. चुकलं की, “राहू दे, उद्या बघू.” मी मोठ्या बाईंकडे गेलेही, आठवड्याभराने, टीचरना न विचारता. बाईंनी ऐकून घेतलं, बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि म्हणाल्या, “आता शेरा लिहून गेलाय, सावंत.” त्यांच्याही आवाजात दम नव्हता.

एकदा लायब्ररीत टीचरनी मला ती गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या असताना किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून नावं घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. एके दिवशी त्यांनी हळूच मागे बघितलं. एका ढिगात मोठा पापलेट होता. हा कुणाचा, म्हटल्यावर त्यांनी बापाचंच नाव घेतलं. बापाने सगळे ढीग पायाने एकत्र केले. नवे वाटे केले, दुसऱ्या पोराला उभं केलं. “महिनाभर मला हाक मारली नाय,” टीचर म्हणाल्या. “मी रोज जाऊन उभी राहायची. वाटा पण द्यायचा नाय.”

“मग?”

“मग एक दिवस मारली.” आणि त्या कपाट लावायला उठल्या.

माझ्या वर्गात पुढे भाकरी आली, दोरे आले, ‘कशाचा?’ परत आलं. टीचर जिन्यातून जाताना कधी थांबून ऐकायच्या, आत कधी आल्या नाहीत. मुलं बोलवायची. “वर्ग त्यांचा हाय आता,” म्हणून निघून जायच्या.

मे महिन्यात त्या रिटायर झाल्या. शाळेत नारळ, शाल, दोन भाषणं असा कार्यक्रम झाला. मोठ्या बाई भाषणात रडल्या, ते मात्र खरं रडणं होतं. संध्याकाळी सानिका, नैतिक, रेहान आणि मी त्यांना सोडायला जेट्टीवर गेलो. त्यांनी फाटकातच सँडल पिशवीत टाकून रबरी चपला घातल्या होत्या, त्यामुळे रस्ताभर त्यांची गावची भाषा चालली होती. भरती होती. लाँच धक्क्याला लागून हलत होती. त्या चढल्या आणि नेहमीसारख्या गोराईकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तशाच उभ्या राहायच्या त्या रोज, लाँचवाला म्हणाला.

सानिकाने दप्तरातून फडकं काढलं. आईकडून भाकरी करून आणली होती. धक्क्याच्या दगडावर तिने ती कापली, आणि ओरडली, “टीचर, मागे बघू नका!”

“नाय बघत,” टीचर म्हणाल्या. “किती वाटे?”

“चार! पाच सारखे येत नाहीत म्हणून चारच केले.”

मी मनात मोजलं. तीन पोरं आणि टीचर. बरोबर होतं. मी जरा मागे सरकून उभी राहिले.

“हा कुणाचा?”

“नैतिकचा.”

“हा?”

“रेहानचा.”

“हा?”

“तुझा.”

लाँचचं इंजिन सुरू झालं. खलाशाने दोर सोडला. एक वाटा उरला होता, आणि तो द्यायला सानिका धक्क्याच्या अगदी कडेला गेली होती, हात लांब करून. विचारायचीही गरज नव्हती. तरी तिने विचारलं, कारण नियम तो नियम.

“आणि हा?”

लाँच आणि धक्का यांच्यात हातभर पाणी आलं, मग दोन हात.

“मागे उभी हाय तिचा,” टीचर म्हणाल्या.

सानिका वळली. नैतिक आणि रेहानही वळले. तिने तो वाटा माझ्या हातात ठेवला. कडा जळलेल्या होत्या, आणि वाटा अगदी सारखा पडला होता, इतर तिघांसारखाच. मला तो खाता येईना आणि न खाता उभंही राहता येईना.

“पण मॅडम,” सानिका म्हणाली, “मग टीचरना काय राहिलं?”

मी लाँचकडे बघितलं. ती खाडीच्या मध्यावर गेली होती, आणि आग्नेस टीचरनी अजून मागे वळून बघितलं नव्हतं.